खुणेचा फेर

पोफळवेळच्या समुद्रात कोणीही मासे धरत नाही, असं सागरी नोंदवहीने सोमवारी सकाळी सांगून टाकलं. दुपारपर्यंत वृषाली गिरपच्या फोनवर अनसूयाआतेचे सात कॉल येऊन गेले.

अनसूयाआते ही वृषालीच्या वडिलांची धाकटी बहीण आणि पोफळवेळच्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. आठव्या कॉलला वृषालीने फोन उचलला, तेव्हा आतेने कशी आहेस, जेवलीस का, असलं काही विचारलं नाही.

"काय गो, तुझ्या त्या वहीत आमचो सगळो दर्या शून्य कसो?"

वहीला 'तुझी' म्हणायला कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी, २०३१ साली, किनाऱ्यावरची प्रत्येक होडी रोज कुठे गेली आणि काय घेऊन आली, याची सगळ्या राज्याची मिळून एकच नोंदवही करायचं ठरलं. ती रचणाऱ्या पाच इंजिनियरांत वृषाली सर्वांत लहान होती आणि समुद्राकाठी वाढलेली एकटीच. आता ती नोंदवही केंद्राची प्रमुख होती.

पोफळवेळसमोर, किनाऱ्यापासून चार-पाच मैलांपुढे पवनचक्क्या उभ्या करायची एका कंपनीची योजना आली होती. त्यासाठी समुद्राचे एकापुढे एक चार चौकोन आखले होते, प्रत्येक दोन मैल लांब आणि दोन मैल रुंद. कायदा सोपा होता. ज्या चौकोनात दहा वर्षांच्या मासेमारीच्या नोंदी सापडतील, तिथे खांब रोवायचा नाही. परवानगी देणारं यंत्र नोंदवहीला एवढंच विचारायचं की या चौकोनात नोंदी किती. चारही चौकोनांना उत्तर आलं होतं, शून्य. हरकत घेण्याची सुनावणी पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी होती. तोवर शून्य पुसलं गेलं नाही, तर गावाची खडपं जाणार होती.

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. पोफळवेळचे लोक जाळी ओढत फिरत नाहीत. खडपावर होडी नांगरतात आणि गरी, म्हणजे गळ, टाकतात; त्याला म्हणतात गरवणं. तांबोशी, गोबरा अशी मोठी मासळी खडपाच्या आसऱ्याने राहते. जाळंवाला एक जागा गेली तर दुसरी धुंडाळतो. गरीवाल्याला खडपावाचून समुद्र म्हणजे नुसतंच पाणी.

वृषालीला आधी वाटलं, दोष सूचीत असेल. ही सूची म्हणजे काय ते नीट समजून घेतलं पाहिजे. नोंदवही हे एक प्रचंड कपाट समजा. प्रत्येक गावाला त्यात स्वतःचा कप्पा आहे. संगणकवाले त्याला स्कीमा म्हणतात. कपाटात दोन कोटी कागद असताना हवा तो शोधण्यासाठी एकेक कागद उलटत बसलं, तर जन्म जाईल. म्हणून पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची संगणकही बनवतो. तिचं नाव इंडेक्स. पण सूची बनवायला एक गोष्ट ठाऊक असावी लागते, ती म्हणजे दोन वस्तूंपैकी आधी कोणती आणि नंतर कोणती. आकड्यांचं आणि तारखांचं हे संगणकाला उपजत कळतं. अडचण ही की पोफळवेळचे लोक समुद्रातली जागा आकड्यांत सांगत नाहीत.

ते खुणेने सांगतात. होडीतून किनाऱ्याकडे पाहायचं. काठावरचा एकला माड आणि त्याच्या मागचा डोंगराचा सुळका एकामागे एक आले, की आपण एका सरळ रेषेवर कुठेतरी आहोत. मग मान वळवायची. देवळाचा कळस आणि मागची खिंड एकामागे एक आली, की झाली दुसरी रेषा. दोन रेषा एकमेकींना एकाच जागी छेदतात, आणि त्या जागी नांगर टाकायचा. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र प्रत्येक होडीवर होतं, पण खडप जवळ आलं की होडी हाकणारे तांडेल ते बंद करून टाकायचे. यंत्रात उमटलेली जागा कोणीही बघू शकतो.

म्हणून वृषालीने पोफळवेळच्या कप्प्यात 'खूण' नावाचा नवाच प्रकार घडवला होता. त्यात जवळच्या आणि लांबच्या वस्तूंच्या दोन जोड्या होत्या, आणि सोबत पाण्याची खोली, वावांत. दोन्ही हात पसरले की मावतो तेवढा दोर म्हणजे एक वाव. तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. पण नवा प्रकार घडवला, की त्याचा क्रमही शिकवावा लागतो. मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं राहा म्हटलं, तर ती राहतात. शहाणपणाप्रमाणे उभं राहा म्हटलं, तर शहाणपण मोजायचं कसं, ते आधी सांगावं लागेल. खुणेचा क्रम वृषालीने पोफळवेळच्या कप्प्यापुरता शिकवला होता. पुढे आणखी आठ-दहा गावांनी आपापल्या कप्प्यात आपापली 'खूण' घडवली. नाव एकच, पण संगणकाच्या लेखी प्रत्येक कप्प्यातला प्रकार निराळा. सगळ्या कपाटावरून फिरणाऱ्या मोठ्या सूचीला त्यांतला एकही कळत नव्हता, आणि न कळलेल्या नोंदी ती तक्रार न करता वगळत होती.

चूक सापडल्यावर वृषालीला बरंच वाटलं. सापडलेली चूक दुरुस्त करता येते. तिने सगळ्या कप्प्यांना चालेल असा एकच नियम लिहिला. खूण कुठल्याही गावची असो, तिच्या दोन रेषा काढायच्या, त्या कुठे छेदतात ते पाहायचं, ती जागा समुद्राच्या कितव्या चौकोनात येते ते पाहायचं, आणि त्या आकड्याने रांग लावायची. जुनी सूची तिने मोडून टाकली. नियम बदलून सूची जुनीच ठेवली तर ती बेधडक खोटी उत्तरं देते, हे ती केंद्रात नव्याने येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायची. दोन दिवसांत नवी सूची उभी राहिली.

बुधवारी दुपारी तिने प्रश्न पुन्हा विचारला. इतर गावांच्या नोंदी भराभर पाण्यात जाऊन पडल्या. पोफळवेळच्या ऐंशी हजार नोंदी पडल्या जमिनीवर. काही आंब्याच्या बागेत, काही शाळेच्या मैदानात. गिरपांच्या घरच्या एकोणीसशे फेऱ्या तर घाटमाथ्यावरच्या एस.टी.च्या थांब्याशी जमा झाल्या होत्या.

घरची होडी आता तिचा चुलत भाऊ बाबल चालवायचा. त्याला फोनवर हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "म्हणजे पंधरा वर्षां मी घाटार गरवतंय? निदान एस.टी. तरी गावली असती."

वृषालीने गणित तीनदा तपासलं. गणितात काही चूक नव्हती. गुरुवारी सकाळी ती गावी निघाली.

सोसायटीच्या मांगरात, सामानाच्या कोठारात, आते दोर मोजून ठेवत होती. वृषालीचं म्हणणं तिने शेवटपर्यंत ऐकलं, हातातला दोर बाजूला ठेवला आणि मांगराचं दार लोटून घेतलं. मग तिने जे सांगितलं ते असं होतं. पोफळवेळच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे तेवीस खुणा आहेत आणि त्यांच्या मागे नऊ डोंगर. त्यांचा क्रम शेंबड्या पोरालाही पाठ. पण खडपाची खूण चारचौघांत बोलताना कोणी खरी सांगत नाही. प्रत्येक घराचा एक फेर असतो. कोणी दोन खुणा पुढची सांगतो, कोणी पाच मागची, रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून, आणि डोंगराचंही तसंच. घरातल्या घरात तेवढं वजा करून घेतात. फेर किती, हे बाप मुलाला सांगतो, तेही होडीत, सुकाणूवर हात ठेवायला लावून. बायकांना फेर असतो एवढंच माहीत. किती, ते कोणी सांगत नाही.

"तू फॉर्म घेऊन इलंस तेव्हा कोणी फसवूक नाय तुका," आते म्हणाली. "चारचौघांत सांगतत तसांच सांगल्यानी."

चारचौघांत. वृषालीला ते लागलं. ती पोफळवेळची होती, लवू तांडेलाची मुलगी होती, आणि फॉर्म भरून घेताना गावाच्या लेखी आपणही चारचौघांतल्याच एक होतो, हे तिला पंधरा वर्षांनी कळत होतं.

लवू गिरप, म्हणजे तिचे वडील, आबा, पडवीत गऱ्यांना दोरा बांधत बसले होते. वय शहात्तर, डोळ्यांनी अधू, पण बोटांना दिसायचं. तिने काय मागितलं ते त्यांना पहिल्याच वाक्यात कळलं. होडीत सांगायची गोष्ट पडवीत सांगत नाहीत, म्हणाले. मग होडीत न्या, म्हणाली. त्यावर त्यांनी विचारलं की कागदावर नोकरी करणाऱ्या माणसाला होडीत नेऊन सांगितलं, तर ते पुन्हा कागदावरच जाणार ना? आणि कागदावर गेलेल्या खडपावर पुढच्या महिन्यात परप्रांतातले ट्रॉलर येऊन बसले, तर पवनचक्क्यांनी काय वेगळं केलं असतं? ते रागावले नव्हते, हेच तिला जड गेलं.

ती पुन्हा मांगरात आली आणि नुसती बसून राहिली. आते दोर मोजत होती. हात पसरून एक वाव, दुसरा वाव, तिसरा. बघता बघता वृषालीने विचारलं, की खोलीलाही फेर असतो का.

आते हसली. सोसायटी नांगराचा दोर खोलीप्रमाणे देते, म्हणाली. अठरा वावांच्या जागी पंधरा सांगितले, तर नांगर लोंबकळत राहील आणि होडी जाईल वाहून. दोराच्या बाबतीत कोणी खोटं बोलत नाही.

वृषाली ताडकन उठली आणि आतेच्याच टेबलावर संगणक उघडून बसली.

समुद्राच्या तळाचा नकाशा तिच्याकडे होता. कुठे किती खोल, हे त्यात वावावावाने कळायचं, तळाला खडक की वाळू तेही. किनाऱ्यावरच्या खुणा तेवीस, डोंगर नऊ. म्हणजे एका घराचा फेर जास्तीत जास्त तेवीस गुणिले नऊ, दोनशे सात तऱ्हांनी असू शकतो. माणसाला दोनशे सात तऱ्हा करून पाहणं कंटाळवाणं आहे. संगणकाला तो खेळही नाही. प्रत्येक फेर लावून बघायचा आणि विचारायचं, या जागेची नकाशातली खोली आणि तांडेलाने लिहिलेली खोली जुळते का? एखाद-दुसरी नोंद चुकीच्या फेरालाही योगायोगाने जुळेल. एकोणीसशे नोंदी एकदम जुळवून दाखवणारा फेर एकच असणार, तो खरा.

तिने फक्त गिरपांचं घर निवडलं. आतेने कपात चहा ओतून बशी पुढे सरकवली, तोवर उत्तर आलं होतं. किनाऱ्यावर तीन पुढे, डोंगरात दोन मागे. नकाशावरचे सगळे ठिपके घाटातून उठले आणि समुद्रात एका जागी, साखरेला मुंग्या लागाव्यात तसे दाटीने बसले. ते दुसऱ्या क्रमांकाच्या चौकोनात होते.

तिचा आनंद चहा निवेपर्यंतही टिकला नाही. पडद्यावर खाली बाकीच्या एक्केचाळीस घरांची नावं होती. एक कळ दाबली, की तिन्हीसांजेच्या आत गावाची सगळी खडपं तिच्या हातात आली असती. सुनावणीला सहा दिवस होते. कोणाकडे जायला नको, कोणाच्या पाया पडायला नको. आणि आबांनी आयुष्यभर दातांखाली धरलेली गोष्ट तिने, त्यांना न विचारता, एका कपाच्या अवधीत काढून घेतली होती.

तिने संगणक मिटला आणि घरी जाऊन आबांना सगळं सांगितलं. फेराचे आकडेही सांगितले.

आबांचा दोरा बांधणारा हात थांबला. मग त्यांनी, परीक्षा घ्यावी तसं, विचारलं, "किती वाव?"

"मधी अठरा. कडेक बावीस."

"तळाक काय?"

"फातर. उत्तरेक वाळू."

त्यांनी मान हलवली. "ह्यां कोणाकय जमात?"

"वही उघडी आसा, आबा. जेका सुचात, तेका जमात. माका आज सुचलां. कंपनीकडे माझ्यापेक्षा हुशार माणसां आसत."

आबांनी गऱ्या डब्यात भरल्या, डब्याचं झाकण लावलं. उद्या पहाटे तयार राहा, एवढंच म्हणाले.

पहाटे बाबलने होडी काढली. आबा कितीतरी दिवसांनी पाण्यावर आले होते. खडपावर आल्यावर त्यांनी, फेर आधीच मिळालेला असूनही, बाबलला नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला पाठवलं आणि वृषालीचा हात धरून सुकाणूवर ठेवला. डोळ्यांनी आता त्यांना डोंगर दिसत नव्हते. ते बोटाने दाखवत गेले आणि ती दिसतं म्हणत गेली. माड कुठला, सुळका कुठला, बोलायचा कुठला आणि धरायचा कुठला. तीन पुढे, दोन मागे. तिला ठाऊक असलेले दोन आकडे तिने जन्मात पहिल्यांदाच ऐकावेत तसे ऐकले.

"काल तू घेतलंस तां येगळां," ते म्हणाले, "आज मी दिलंय तां येगळां. सगळ्यांकडसून असांच घे."

परत येताना त्यांनी ठरवून टाकलं. जे उद्या कोणीही चोरू शकतो, ते आज आपल्या हाताने, आपल्या अटींवर दिलेलं बरं. त्याच संध्याकाळी त्यांनी मांगरात घरं बोलावली.

तीन दिवस मांगर गजबजलेला होता. वृषालीने काय करायचं ते दहा-दहा वेळा समजावून सांगितलं, तिला त्याचा कंटाळा नव्हता. प्रत्येक घराने आपला फेर स्वतःच्या हाताने संगणकात घालायचा. तो एका कुलूपबंद जागी जाईल. क्रम लावणाऱ्या नियमाला तो वापरता येईल, पण वाचून कोणालाही दाखवता येणार नाही, वृषालीलाही नाही. सूचीत जाईल फक्त चौकोनाचा आकडा. दोन मैलांच्या चौकोनात कुठेतरी या घराचं खडप आहे, एवढंच जगाला कळेल. आणि खोलीचा रकाना, ज्याच्यामुळे हे सगळं उघडं पडलं, तो सोसायटीच्या ठरावाने लोकांना बंद होईल. कोणी शिव्या दिल्या. एकाने विचारलं की हिला आधी सुचलं नव्हतं का. तिने कबूल केलं, की नव्हतं सुचलं. आबा दारापाशी बसून होते. आपल्या घराचा फेर त्यांनी सर्वांत आधी घातला होता, आणि तेवढं बऱ्याच जणांना पुरेसं झालं.

सोमवारी संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस घरं झाली. वृषालीने सूची पुन्हा मोडली, पुन्हा बांधली. तीन चौकोन नोंदींनी भरून गेले. चौथ्या, सर्वांत लांबच्या चौकोनात मात्र अजून शून्य होतं.

त्या बाजूला एकच घर जायचं, हे गावाला ठाऊक होतं; धाकू खवणेकरांचं. धाकू चार वर्षांपूर्वी दोन दिवसांच्या तापाने गेले. मुलगा जहाजावर आचारी. तो बापाच्या होडीत कधी बसलाच नाही, म्हणून फेर त्याला मिळाला नाही. घरात राहिल्या त्यांच्या बायको, शेवंतीकाकी. आणि हा चौकोन गेला, तर तिथल्या पवनचक्क्यांची केबल किनाऱ्याला येणार होती ती बाकीच्या तीन चौकोनांच्या तळावरून, खडपं फोडत.

वृषाली काकींकडे गेली. सगळं सांगितलं, हेही सांगितलं की यंत्र फेर शोधू शकतं, फक्त त्यांनी हो म्हणायला हवं. काकी सुकी मासळी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चाळीस वर्षां मी तेचां भाकर-कालवण बांधून दिलंय. जां तेणां माका सांगूक नाय, तां तुझी मशीन सांगतली?"

वृषाली म्हणाली, की तिला समजतं. काकींनी तिला चहा दिला आणि विषय संपवला. दुसऱ्या दिवशी बाबलने सुचवलं, की काकींना कळायची काय गरज आहे, कळ दाब आणि मोकळी हो. वृषाली नाही म्हणाली. बाबलने चिडून विचारलं, की एका बाईच्या रुसव्यापायी एक्केचाळीस घरं बुडवणार का. तिने ते ऐकून घेतलं, त्यावरही तिचं उत्तर तेच राहिलं.

बुधवारी अकरा वाजता जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी सुरू झाली. गावातून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. शेवंतीकाकीही आल्या होत्या; घरी बसून काय करू, म्हणाल्या, आणि शेवटच्या बाकावर बसल्या.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी शिरोडकर मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. कंपनीच्या वकिलाने योग्य तोच प्रश्न विचारला. हे फेर तुम्ही गेल्या आठवड्यात घातले, मग ते सोयीप्रमाणे बनवले नाहीत कशावरून? वृषालीने फेर न दाखवता फक्त खोलीची जुळणी दाखवली. प्रत्येक घराच्या हजार-दोन हजार नोंदी आणि तळाचा नकाशा, शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जुळत होत्या.

"आठवड्यापूर्वी बनवलेला फेर," ती म्हणाली, "पंधरा वर्षांपूर्वी मोजून दिलेल्या दोराला कसा लागू पडेल?"

वकील खाली बसला. मॅडमनी तीन चौकोनांपुढचं शून्य खोडलं. मग चौथ्याकडे आल्या. इथल्या घराच्याही नोंदी आहेत, पण फेर नाही, असं दिसतंय. तुमच्या यंत्राला तो काढता येतो ना?

"येतो."

"मग काढा."

"त्या घराने दिलेला नाही, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. न काढल्यास शून्य कायम राहील आणि त्याचे परिणाम बाकीच्या तिन्हींवर होतील, हे लक्षात आहे ना, असं त्यांनी सावकाश विचारलं. वृषालीने मागे वळून पाहिलं नाही. बाबल तिच्याकडे कसा बघत असेल ते तिला ठाऊक होतं.

"लक्षात आहे," ती म्हणाली. "तरी मी काढणार नाही."

मॅडमनी पेन उचललं. तेवढ्यात शेवटचा बाक सरकल्याचा आवाज झाला. शेवंतीकाकी दोन रांगांमधून सरळ पुढे आल्या, कोणाच्याही परवानगीची वाट न बघता वृषालीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काढ," त्या म्हणाल्या. "पण पयलां माका सांग. कानात. मगे तेंका."

वृषालीने मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. दोनशे सात तऱ्हा तपासून व्हायला चार श्वास लागले. ठिपके शाळेच्या मैदानातून उठले आणि पाण्यात जाऊन बसले. वृषाली वाकली आणि काकींच्या कानाशी लागली. किनाऱ्यावर एक पुढे, डोंगरात एक पुढे. दोन्हीकडे एकच जास्त.

काकी हळूच हसल्या आणि फक्त वृषालीला ऐकू येईल इतकं बोलल्या. "घराकडेय असोच. पाचाक येतंय म्हणायचो, आणि चाराक दारात."

पदर सारखा करून त्या मॅडमकडे वळल्या. "लिवा, बाय. थय आमचां घर गरवता."

शिरोडकर मॅडमनी चौथ्या चौकोनापुढचं शून्य खोडलं आणि नोंदींचा आकडा विचारला. वृषाली सांगणार होती, पण काकींनी तिला हाताने थांबवलं. त्या पडद्याकडे वाकल्या, काचेवर बोट ठेवलं आणि नवऱ्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्यांचा आकडा डावीकडून एकेक करत स्वतः वाचला. एक, तीन, एक, आठ.